एका मिनिटाची तिवई

मित्रांनो, तुम्ही शाळेच्या बाकावर पाच पाच तास बसता आणि वर कुरकुरता. माझ्यावर माणूस बसायचा तो फक्त एक मिनिट. घड्याळ लावून साठ सेकंद. मी एक जुनी तिवई आहे, तीन पायांची, बुटकी, जाड फळीची. मुष्टियुद्धाच्या रिंगणात कोपऱ्यात ठेवतात, त्यातली. तीन मिनिटांची फेरी संपून घंटा झाली की मला दोरांखालून आत सरकवायचं, आणि मिनिट भरत आलं की ओढून बाहेर काढायचं. नोकरी एवढीच. पण त्या एका मिनिटात माणूस जसा बसतो ना, तसा तो स्वतःच्या घरीही कधी बसत नाही. तोंड खोटं बोलेल, डोळे खोटं बोलतील, पण बूड टेकताना कुणालाही खोटं बोलता येत नाही. माझा सगळा जन्म त्यात गेला, मला नका शिकवू.

मला घडवलं बारक्याच्या वडिलांनी. ते सुतार. घरातलं शेंडेफळ म्हणून पोराचं नाव बारक्या पडलं, आणि हा बारक्या एकोणिसाव्या वर्षी दारातून आत येताना मान वाकवायला लागला. वजन शंभराच्या वर, तळहात म्हणजे परातच. पुढे रिंगणात नाव पुकारणारा काय वाटेल ती बिरुदं लावायचा, पण घरच्यांना तो शेवटपर्यंत बारक्याच राहिला.

पोरांची आई लवकर गेली. मग ताईला आणि बारक्याला सांभाळायला आईचा भाऊ म्हणून मामा आला, तो घरचाच झाला. मामा तरुणपणी स्वतः हेवीवेट मुष्टियोद्धा होता. विजेतेपदाच्या पट्ट्यासाठीच्या लढतीपर्यंत पोचला आणि तिथे उजवा हात मोडून बसला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अशी काही वाकडी जुळली की पुन्हा कधी सरळ झालीच नाहीत. हात पसरला की तीनच बोटं उघडायची. आपलं राहिलेलं भाचा पुरं करील, ही आस मामाने धरली होती, आणि बारक्यालाही ते वेड लागलं.

बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. "दुसऱ्याच्या पोराचं नाक फोडायचं आणि आपलं फोडून घ्यायचं, हा काय धंदा झाला?" असं ते म्हणत. पण पोरगं ऐकेना. तेव्हा एक दिवस त्यांनी कुणाच्या तरी जिन्यासाठी आणलेल्या कठीण लाकडाचा उरलेला तुकडा काढला, त्यावर रंधा मारला, तीन पाय भोकांत बसवून वरून पाचरी ठोकल्या. माझ्या अंगात एकही खिळा नाही, हे जरा लक्षात ठेवा. मग मला त्यांनी ताईच्या हातात दिलं. ताई इस्पितळात जखमा बांधायचं काम करायची, म्हणून कोपऱ्यात भावाचं रक्त थांबवायचं काम तिच्याकडेच आलं होतं.

"मला काही ते बघवायचं नाही, मी येणार नाही," बाबा म्हणाले. "पण दमला की हिच्यावर बसू दे त्याला. कुठेही ठेव, डुगडुगणार नाही."

पहिल्याच व्यावसायिक लढतीत तिसऱ्या फेरीला बारक्याला असा ठोसा बसला की तो येऊन माझ्यावर पोतं टाकावं तसा आदळला. मामाच्या डाव्या हातात बर्फाची पिशवी होती. त्याने उजवा हात बारक्याच्या तोंडासमोर धरला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "बारक्या, किती?"

"तीन, मामा," बारक्या धापा टाकत म्हणाला. "तुझ्याकडे आहेतच कुठे जास्त?"

अहो, काय हसलो आम्ही! पुढच्या फेरीत त्याने समोरच्याला आडवा केला. झालं. त्या दिवसापासून तो आमच्या कोपऱ्याचा रिवाजच होऊन बसला. प्रत्येक फेरीनंतर मामा विचारणार "किती?" आणि बारक्या म्हणणार "तीन". मस्ती अंगात असली तर पुढचं वाक्यही. ताईने एकदा सुचवलं होतं, "मामा, कधी डाव्या हातानेही विचार की." मामा म्हणाला, "बसलेली घडी विस्कटू नये गं." आणि बारक्या जिंकत होता, त्यामुळे कुणी पुन्हा विषय काढला नाही.

बावीस लढती आणि वीस विजय. माझेही दिवस फिरले. मला लाल रंग लागला. लढतीआधी माणसं मला हात लावून जायची, शुभ म्हणे. एका वर्तमानपत्रात फोटो आला, बारक्या मिटल्या डोळ्यांनी बसलेला. त्यात माझे दोन पाय स्वच्छ दिसतात, तिसरा मागे होता. खोटं कशाला बोलू, मीही थोडी चढेल झाले होते.

आणि मग तो डोळा.

सरावात कुणाच्या तरी ग्लोव्हचा अंगठा बारक्याच्या डाव्या डोळ्यात गेला. चार दिवस लाल होता, मग दिसायला पहिल्यासारखा झाला. पण मी ओळखलं. पूर्वी बारक्या मागे न बघता धपकन बसायचा. आता बसण्याआधी त्याची डावी पोटरी मला चाचपून घ्यायची, अंधारात जिना उतरताना पायरी चाचपतात तशी. दर महिन्याला ते चाचपणं वाढत गेलं. मामा समोर असायचा, ताई बाजूला. पोटरीकडे कोण बघतंय?

एका दुपारी जिम रिकामं होतं. बारक्याने मला भिंतीजवळ ओढलं, खिशातून एक कागद काढला आणि पाढे घोकावेत तशी अक्षरं घोकू लागला. डॉक्टरांच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता असतो ना, त्याच्या ओळी. कुठून तरी उतरवून आणल्या होत्या. पहिली ओळ, दुसरी ओळ, अगदी खालची बारीक अक्षरांची ओळ. ती तर त्याने उलटीही पाठ केली, डॉक्टरांनी उजवीकडून विचारलं तर पंचाईत नको म्हणून. अरे बाळा, डोळ्याची परीक्षा काय पाठांतराने द्यायची असते?

पण त्याचंही मला कळत होतं. पट्ट्याची लढत ठरली होती. मामा ज्या पायरीवरून परत फिरला, तीच पायरी. "दिसत नाही" असं बारक्याने नुसतं म्हटलं असतं तरी त्याच दिवशी त्याचा परवाना गेला असता. म्हणून तो गप्प राहिला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "नजर घारीची आहे." मामाने त्याला कडकडून मिठी मारली. मला बोलता येत नाही हो. मी आपली कुरकुरले. बारक्या बसला की मुद्दाम कुरकुरायची. तर मामाने काय करावं? पाचरीत थोडा सरस ओतला आणि माझं तोंडच बंद करून टाकलं.

तो दिवस आला. मोठं सभागृह, डोळे दिपवणारे दिवे, बारा फेऱ्यांची लढत. फेरी चालू असताना मी रिंगणाच्या कडेला खाली जमिनीवर असते. मला काही दिसत नाही, वरच्या फळ्या तेवढ्या ऐकू येतात. बारक्याचा डावा पाय घासत जायचा आणि उजवा मागून टेकायचा, सर्र-धप, सर्र-धप. चार फेऱ्या ती चाल छान चालली होती. पाचव्या फेरीत समोरच्याची पावलं बदलली. तो बारक्याच्या डाव्या अंगाने फिरू लागला, सारखा त्याच बाजूने. त्याला कळलं होतं! आपल्या माणसांना वर्षभर जे कळलं नाही, ते त्या परक्याने पंधरा मिनिटांत ओळखलं.

त्या बाजूने येणारा ठोसा चुकवायला बारक्या सारखी मान वळवू लागला, हे मागाहून ताईच्या तोंडून ऐकलं, आणि मान वळवली की चांगला उजवा डोळा मार खाऊ लागला. सातव्या फेरीनंतर तो सुजला. ताईने बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी त्यावर दाबून धरली. आठव्या फेरीनंतर नुसती फट उरली. "किती?" मामाने विचारलं. "तीन." नवव्या फेरीनंतर पुन्हा "किती?", पुन्हा "तीन." ताईच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. बोटं बरोबर मोजतोय म्हणजे दिसतंय, असं तिला वाटलं असणार. मामा त्याच्या कानाशी लागून सांगत होता, "आपण गुणांनी पुढे आहोत. पडू नकोस फक्त. उभा राहिलास तरी पट्टा आपला."

दहावी फेरी संपली. कोपऱ्यात पाणी सांडलं होतं. मी घसरू नये म्हणून ताईने मला नेहमीच्या जागेपासून वीतभर उजवीकडे ठेवलं. बारक्या दोराला ग्लोव्ह घासत घासत आला, वळला आणि बसला. पण बसला कुठे? जिथे मी रोज असते तिथे. निम्मा माझ्या कडेवर, निम्मा हवेत. मी एका पायावर तिरपी झाले. ताईने त्याची चड्डी कमरेशी धरून त्याला ओढला म्हणून तो पडता पडता वाचला.

"पाय थकलेत," मामा म्हणाला. "पाणी दे."

ताईने पाणी दिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने बारक्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. एवढी मोठी लाल तिवई, दिव्यांच्या लखलखाटात, आणि ती माणसाला दिसू नये? वीस सेकंद गेले होते. मामाने सवयीने हात वर केला. ताईने झटकन तो हात पकडला आणि त्याची तिन्ही बोटं दुमडून मूठ करून टाकली.

"आता विचार," ती म्हणाली.

"अगं, वेळ कुठे आहे?"

"मामा, विचार."

मामाने विचारलं, "बारक्या... किती?"

बारक्याच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. शाळेतल्या हुशार पोराला येतं तसं. "तीन, मामा. तुझ्याकडे आहेतच कुठे जास्त?"

कुणी हसलं नाही. तीस सेकंद.

"मूठ आहे ती, बारक्या," ताई म्हणाली. "तुला काही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी."

"दिसतंय! मामा, हिला सांग, दिसतंय मला! दोनच फेऱ्या राहिल्यात, ताई. फक्त दोन!"

मामा आपल्या मुठीकडे बघत उभा राहिला. मी त्या माणसाला एवढी वर्षं ओळखत होते, पण इतका म्हातारा तो मला कधी दिसला नव्हता. ज्या पट्ट्यासाठी त्याने हात मोडून घेतला, तो सहा मिनिटांवर आला होता. "दोनच आहेत गं," तो पुटपुटला. "पुढे आहोत आपण."

शिट्टी वाजली. दहा सेकंद उरले. कोपरा रिकामा करायचा आणि मला बाहेर काढायचं. ते काम ताईचं. तिने मला हात लावला नाही. तिने दोन्ही हात भावाच्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, दमला की बसू दे. मी तिवई काढणार नाही."

"सोड, ताई! सोड मला!" बारक्या ओरडत होता. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा.

आणि मित्रांनो, आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी त्या क्षणी फक्त मला ठाऊक होती. माणूस उठायला लागला की आधी त्याचा भार माझ्यावरून सुटतो आणि तळव्यांवर जातो. तेवीस लढती मी तो भार सुटताना अनुभवला. बारक्या तोंडाने ओरडत होता, पण त्याचा भार तसूभरही हलला नाही. उलट तो होता नव्हता तेवढा सगळा माझ्यावर आला.

घंटा झाली. तिवई आतच बघून रेफरी धावत आला. तेव्हा मामाने आपली मूठ उघडली, तो वाकडा हात आडवा हलवला आणि म्हणाला, "थांबवा."

पट्टा गेला. कपडे बदलायच्या खोलीत बारक्याने चाचपून मला शोधलं, उचललं आणि भिंतीवर फेकलं. माझा एक पाय मुळापासून मोडला. "तू मला हरवलंस," तो ताईला म्हणाला. "त्याने नाही. तू." डॉक्टर म्हणाले की डावा डोळा कधीच गेलेला आहे, आणि उजव्यावर आणखी एखादा ठोसा बसला असता तर तोही हाती लागला नसता. उजवा वाचला. पण वाचलेल्या डोळ्याने बारक्याने ताईकडे बघितलं नाही. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि सहा वर्षं बहिणीशी अवाक्षर बोलला नाही. मामाने जिम सोडलं. उंबऱ्यात बसून आपल्या हाताकडे बघत म्हणायचा, "मीच त्याला उत्तर पाठ करून दिलं." त्यातच तो गेला.

ताईने मला आणि माझ्या मोडक्या पायाला बाबांच्या कारखान्यात आणलं. बाबांनी मला उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं, आता घटकाभरात जोडतील. छे! "मोडणाऱ्याने जोडावी," एवढं म्हणून त्यांनी पाय सुतळीने माझ्या अंगाला बांधला आणि मला फळ्यांच्या मागे टाकलं. दोन पायांवर उभं राहता येत नाही, म्हणून सहा वर्षं मी कुशीवर पडून होते. माझ्यावर भुसा साचला, कोळ्यांनी संसार थाटले. जिला हात लावायला माणसं झटत, तिला कुणी विचारेना. राग यायचा. मग वाटायचं, आपलं काय, आपण लाकूड. तिकडे दोन जिवंत माणसं तशीच पडून आहेत.

एका सकाळी दारात पावलं वाजली. सर्र-धप. मी त्या पावलांना हजारांत ओळखीन.

"बाबा," बारक्या म्हणाला. त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. "माझी तिवई आहे का? आता मी शिकवतो. माझ्याकडे एक मुलगी तयार झालीय, पुढच्या आठवड्यात तिची पहिली लढत आहे."

"आहे," बाबा म्हणाले. "सरस तिथे आहे. पाचर तुझी तू कर."

दुपारपर्यंत तो माझ्याशी झटत होता. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही हो. पटाशी दोनदा घसरली, पहिली पाचर जाड झाली, दुसरी फुटली. मग तो बोटांनी चाचपून काम करू लागला, आणि तिसरी नेमकी बसली. तो हातोडी मारत असतानाच ताई कामावरून आली. दारात थबकली. हातोडीही थबकली. बाबा रंधा मारत राहिले, पण रंध्याखाली फळी नव्हती, हे मला दिसत होतं.

ताई आत आली. त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"किती?" तिने विचारलं.

माझा जीव टांगणीला लागला. "तीन" एवढा एक शब्द तो म्हणाला असता की संपलं होतं. हसण्यावारी गेलं असतं आणि पुढची सहा वर्षंही तशीच गेली असती. बारक्याने हातोडी खाली ठेवली. त्याने मान वळवली नाही.

"दिसत नाही गं, ताई," तो म्हणाला. "ह्या बाजूने मला काही दिसत नाही. त्या दिवशी तर कशानेच दिसत नव्हतं." मग हाताचा भुसा झटकून म्हणाला, "आणि मी होतो एकशे आठ किलोचा. तुझे दोन हात मला काय दाबणार? उठायचं असतं तर उठलो असतो."

"ठाऊक आहे मला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला कुणावर तरी रागवायचं होतं," ताई म्हणाली. "म्हटलं, माझ्यावर रागाव."

एकशे आठ किलोचा माणूस कसा रडतो ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते आमच्या घरातलं आहे. बाबांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "जोडून झाली असेल तर कुणीतरी बसून बघा." बारक्या बसला. शेजारी जमिनीवर ताई बसली. मिनिट झालं, दोन झाली, ऊन दारातून सरकत आतल्या भिंतीपर्यंत गेलं, तरी मला कुणी ओढून काढलं नाही.

आता मी पुन्हा कोपऱ्यात असते, त्या मुलीच्या. रक्त थांबवायला ताईच येते. बारक्या पोरीसमोर बोटं धरतो, कधी एक, कधी चार, कधी नुसती मूठ. आणि ती बसते तेव्हा तो तिच्या तोंडाकडे नाही, आधी माझ्याकडे बघतो.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला रंग लावा, असं मी म्हणणार नाही. माझा पाय सरसाने जुळतो. पण तुमच्या घरात कुणी रोज विचारल्यावर रोज "बरा आहे" असंच म्हणत असेल, तर एकदा प्रश्न बदलून विचारा. आणि तुम्हालाच कुणी विचारलं आणि दिसत नसेल, तर दिसत नाही म्हणा. लाजू नका. बसायला मी आहे.